डाव्या अंगाले ओढते

ऊसतोडीचा तळ, सांगली साइड
२४ नोव्हेंबर २०२४

इस्माईल चाचा यांस,
राजपाल राठोडचा जय सेवालाल.

ओळख पटली नसन तं सांगतो. मानोऱ्याजवळच्या तांड्यातला. दिवाळीच्या आधी तुमच्या मंगरूळच्या गॅरेजातून काळी गाडी नेली तो मी. संग माहा बाप होता, रतनसिंग, ज्यानं टाकीवर हात फिरवून तुमाले विचारलं होतं का इले दात किती हायेत. तुमी तवा लय हासले होते.

चिठ्ठी काहून लिवतो, तं तुमच्याकडं फोन नाई. नंबर मांगतला तवा तुमी म्हनले, या घरात मोबाईल येत नाई, काम पडलं तं दोन ओळी टाक. मले वाटलं मजाक करता. गावात दोघाईले विचारलं, तेबी तेच म्हनले. म्हनून पोस्टात जाऊन पाकीट आनलं. शाळा सुटल्यावर हे माहं पहिलंच पत्र.

गाडी टोळीच्या ट्रकवर टाकून इकडं आनली. बायको संगीताले पाचवा महिना चालू हाय अन दवाखाना इथून नऊ किलोमीटर, त्याच्याचसाठी घेतली, तुमाले मालूम हाय. तकलीफ अशी का गाडी डाव्या अंगाले ओढते. चाळीसच्या वर गेली का हळूहळू काठाकडं सरकते. उजवा हात ताणूनच हँडल धरा लागते. संगीता मागं बसली का अजून जास्त.

इथला मेकॅनिक पाहून म्हने चेसी वाकडी. मी त्याले हात लावू देल्ला नाई. तुमी टाकीवर खडूची फुली मारून सांगतलं होतं, दुसऱ्याचा पाना लागला का माही जबाबदारी सरली. फुली मी अजून पुसली नाई. काय करू ते लिवा.

तुमचा,
राजपाल

*

मंगरूळपीर
३ डिसेंबर २०२४

राजपाल, खुश राहा.

चिठ्ठी पोचली. तुह्या बापाले सांगजो, दात पुरे हायेत.

गाडी डाव्या अंगाले ओढत नाई. मी सोता चालवून पाह्यली हाय, दर्ग्यापासून वाशीम नाक्यापर्यंत अन परत, एकदा नाई तीनदा. चाळीस वर्षं झाले, चालवल्याबिगर मी फुली मारत नाई अन फुली मारल्यावर पाना लावत नाई. खडू लागला का पाना बंद. या गावातले अर्धे मिस्त्री माह्याच गॅरेजात हा कायदा शिकून गेले. गिऱ्हाईक लाख म्हनो, हे वाजते अन ते वाजते, फुली लागलेली गाडी मी पुन्हा खोलत नाई. नाईतं मंग फुलीचा अर्थ काय राह्यला?

तकलीफ तुह्या हातात हाय. राग नोको मानू. तू दिवसभर कोयता चालवतो. उजवा हात थकते, मंग हँडलवर सगळा भार डाव्याचा पडते. डावा हात जड हाय तुहा. हे मी लय जनाले सांगत आलो, महिनाभरात हात बसते.

तरी मनाच्या समाधानासाठी हवा पाय. पुढं पंचवीस, मागं बायको बसते तं तेहतीस. पुढच्या टायरात हवा कमी असली का गाडी कुकडेबी पळते. अन उसाच्या वाढ्याची मोळी एकाच बाजूनं बांधत असशीन तं ते बंद कर.

चेसी वाकडी म्हननाऱ्याले सांगजो, चेसी नाई, तुही नजर वाकडी.

इस्माईल मिस्त्री

*

ऊसतोडीचा तळ
१४ डिसेंबर २०२४

चाचा, जय सेवालाल.

हवा तुमी सांगतली तेवढी भरली. मोळी गाडीवर बांधतच नाई, ते बैलगाडीत जाते. तरी गाडी ओढते.

मंग मी टोळीतल्या रूपलाले चालवाले देल्ली. त्याले काहीच सांगतलं नाई. तो फेरी मारून आला अन उतरता उतरता म्हने, अबे, हे तं बांधाकडं चालली. त्याच्या सासऱ्याले देल्ली, तोबी तेच म्हनला, अन तो तं डावखुरा हाय. आता तिघाईचे डावे हात जड झाले का चाचा?

बापाले फोनवर सांगतलं तं तो हासाले लागला. म्हने, मिस्त्री गाडी चालवून दाखवत होता तवाच मी पाह्यलं, मानूस वाकडा बसला पन गाडी सरळ गेली. लहान तोंडी मोठा घास घेतो, रागवू नका. बापाचं बोलनं तसंच हाय.

अजून एक विचारतो. काल फुली सोडून सगळी गाडी धुतली. हँडल नवं, लाइट नवी, डाव्या बाजूचं पायदान नवं, अन टाकीवर डाव्याच बाजूले रंगाखाली खड्डा लागते हाताले. मी घेतली तवा तुमी एवढंच म्हनले का घरची गाडी हाय. कोनाची होती? कुठं पडली होती? संगीता मागं बसते म्हनून विचारतो, दुसरं काही मनात नाई.

राजपाल

*

मंगरूळपीर
२२ डिसेंबर २०२४

राजपाल,

तुह्या बापाची नजर चांगली हाय. माहा उजवा पाय लहानपनापासून आखूड. ब्रेकले पोचत नाई म्हनून उजव्या कुशीवर सरकून बसा लागते. चाळीस वर्षं तसाच बसतो. त्याचा गाडीशी काय संबंध?

रंगाचं विचारलं म्हनून सांगतो, खोटं बोलाचं वय नाई माहं. ते गाडी माह्या पोराची. अशफाक. माह्याच गॅरेजात काम करे. मागच्या जानेवारीत बायकोले आनाले आपल्या वाशीमकडच्या मालेगावले निघाला होता. शेलुबाजारच्या अलीकडं नव्या सिमेंट रोडच्या काठावरून गाडी खाली उतरली अन तो गिट्टीच्या ढिगावर पडला. सव्वीस वर्षांचा होता. तुले हे सांगाले पाहिजे होतं, नाई सांगतलं, ते चुकलं माहं. सांगतलं असतं तं तुह्या बापानं गाडी घेतली नसती, अन मले ते दारात उभी दिसू नये एवढंच पाहिजे होतं.

पन गाडीचा गुन्हा नाई. गुन्हा फोनचा हाय. त्याची बायको फरहा माहेरी मालेगावले होती. तो गाडीवर असताना तिनं फोन लावला. मोबाईलवर तिचेच तीन कॉल होते, पोलिसाईनं दाखवले. खिशातून फोन काढाले गेला अन रोड सुटला. तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी सगळा मोहल्ला अंगनात बसला होता, त्याईच्यासमोर मी म्हनलो, या पोरीनं फोन करून माहा पोरगा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिले घेऊन गेला. माहा फोन मी त्याच दिवशी विहिरीत टाकला. आता तुले समजलं, चिठ्ठ्या काहून लिवा लागतात.

पुढचं सगळं मी नवं बसवलं. मागच्या चाकाले तं मी हातबी लावला नाई, लावाची गरजच नव्हती. चेन मी तो गेला त्याच्या आठ दिवस आधी आवळली होती अन फुली मारली होती.

आता हे कर. गाडी डबल स्टँडवर लाव, मागं कोनाले तरी दाबून बसव, म्हंजे पुढचं चाक उचलते. हँडल मधात धर अन सोड. ते आपोआप दोन्ही अंगाले सारखं पडलं पाहिजे. मधातच अडकलं तं हँडलच्या मुंडीतला कोनसेट, हँडल ज्याच्यावर फिरते तो, बसला असं समज. तो नवा टाकलेला हाय, पन ट्रकमंधी आदळला असन तं सांगता येत नाई.

इस्माईल

*

सरकारी दवाखाना
९ जानेवारी २०२५

इस्माईल मिस्त्री,

कोनसेट पाह्यला. हँडल दोन्ही अंगाले सारखं पडते. तुमची चिठ्ठी आली त्याच दिवशी पाह्यला. तरी गाडी ओढतच होती, अन मी तुमाले लिवाच्या आधी चार तारीख आली.

चार तारखेले संगीताले तपासनीले घेऊन निघालो. सकाळचे दहा वाजले होते. समोरून उसाची बैलगाडी आली म्हनून जराशी डाव्या अंगाले घेतली, अन मंग ते परत येईचना. मी पुऱ्या ताकदीनं ओढलं. चाक काठावरून खाली गेलं अन आमी दोघं चारीत. संगीताचं खांद्याचं हाड मोडलं. पडताना तिनं दोन्ही हात पोटाले धरले होते, म्हनून खांदाच आधी टेकला. डॉक्टरनं मशीन लावून लेकराचे ठोके ऐकवले. ठोके हायेत. तीन दिवस ते मले एकच विचारून राह्यली, आता बी हायेत का.

तुमी लिवलं होतं का गाडीचा गुन्हा नाई, फोनचा हाय. माहा फोन संगीताच्या पिशवीत होता अन बंद होता. माहे दोन्ही हात हँडलवर होते. हे तुमी नीट वाचा.

ज्या गाडीवर तुमचा पोरगा गेला ते गाडी तुमी मले घरची गाडी म्हनून देल्ली. अन मी सांगत होतो तवा तुमी माहे हात पाहत होते, गाडी नाई. संगीताच्या मायले, रामीबाईले, हे समजलं तवापासून ते माह्याशी बोलत नाई, अन तिचं चुकत नाई.

खडूची फुली मी पुसली. आता गाडी दुसऱ्याकडं नेऊ का जाळून टाकू, तेवढं लिवा.

राजपाल राठोड

*

मंगरूळपीर
१७ जानेवारी २०२५

बेटा राजपाल,

चिठ्ठी मी तीनदा वाचली. मंग माही बायको जमीलानं वाचली. तिनं संगीतासाठी दुवा मांगतली हाय. मी काय मांगू ते मले समजत नाई. माफ कर म्हनतो, पन ते तुह्या कामाचं नाई हे मलेबी समजते.

गाडी जाळू नोको. चालवूबी नोको. एक काम कर, घाई नाई, संगीता बरी होऊ दे.

मी शिकाऊ होतो तवा माहे उस्ताद दोरा लावत. मंग चिमट्यावर रेघा असलेल्या गाड्या आल्या. चिमटा म्हंजे मागचं चाक ज्याच्यात बसते ते. दोन्हीकडच्या रेघा सारख्या आल्या का चाक सरळ, असं धरून आमी चालत आलो. अन रेघा जुळल्यावर मी चालवून पाहे. दोरा कधी सुटला ते आठवतबी नाई.

आता तू दोरा लाव. गाडी डबल स्टँडवर. मागच्या टायरले मागून दोरा गुंडाळ अन त्याचे दोन्ही टोकं खालून, सायलेन्सरच्या खालून, पुढच्या चाकापर्यंत ताणून धर. मागच्या टायरच्या दोन्ही अंगाले दोरा नीट टेकला पाहिजे. पुढचं टायर बारीक हाय, म्हनून दोन्हीकडं बारीक अन सारखी जागा दिसली पाहिजे. एकीकडं दोरा चिकटला अन दुसरीकडं जागा सुटली, तं मागचं चाक तिरपं. डावीकडं चिकटला असन तं एक्सल ढिली कर अन डाव्या बाजूचा चेनचा नट थोडा थोडा आवळत जा, दोरा सारखा होईपर्यंत. दहा नंबरचा पाना लागते.

नट फिरवाच्या आधी एक पाय. काम झाल्यावर मी नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका देतो, नटावर अर्धा अन चिमट्यावर अर्धा. तो ठिपका फुटला हाय का अजून जुळून हाय, तेवढं मले लिवजो. फुटला असन तं नट कोनीतरी फिरवला, इथं नाईतं तिथं. जुळून असन तं शेवटचा हात माहा.

इस्माईल

*

ऊसतोडीचा तळ
२८ जानेवारी २०२५

इस्माईल चाचा,

संगीता तळावर आली. हात गळ्यात बांधला हाय, पन लेकरू लाथा मारून राह्यलं. राग अजून गेला नाई, ते खरं सांगतो. पन तुमी खरं विचारलं, तं मी खरं सांगतो.

ठिपका फुटला नाई. जुळून हाय. दोन्ही बाजूचा.

दोरा पाहिजे होता म्हनून सीट खोलली, पान्याची पिशवी काढाले. पिशवीत पान्याभोवती दोरा गुंडाळलेला भेटला. जाड निळा दोरा, मेनाचा. मी दुकानातून आनलाच नाई, तोच लावला. लावला तं दिसलं का त्याच्यावर ग्रीसचे डाग हायेत. मागच्या टायरले टेकते तिथंच, अन पुढच्या चाकापाशी दोन गाठी. त्या गाठी मी ताणून धरल्या तं एक बराबर टायरले चिकटली, अन दुसरी टायरपासून दोन बोटं दूर आली. चिकटली ते डावीकडं.

म्हंजे चाचा, माह्या आधी कोनीतरी याच दोऱ्यानं हेच मोजलं होतं, अन मोजून तसंच ठेवून देल्लं होतं.

मंग मी डावा नट आवळला. अर्धा आटा फिरवला असन, जास्त नाई. दोन्हीकडं जागा सारखी झाली. रूपलानं गाडी चालवली, मंग मी. साठपर्यंत नेली. गाडी कुकडेच ओढत नाई. अर्ध्या आट्यासाठी संगीताचं हाड मोडलं.

दोरा या पाकिटात घालतो. तो तुमचा हाय.

राजपाल

*

मंगरूळपीर
६ फेब्रुवारी २०२५

फरहा, अस्सलाम अलैकुम.

मले उर्दू लिवता येत नाई, तुले मालूम हाय, मराठी शाळेत गेलो. ही चिठ्ठी तू फाडून टाकली तं तुहा हक्क हाय. पन आधी वाच.

अशफाकची गाडी मी मानोऱ्याकडच्या एका पोराले विकली. ते डाव्या अंगाले ओढे. मी महिनाभर त्याले म्हनत राह्यलो, हात जड हाय तुहा. तो पडला, त्याची दोन जिवाची बायको पडली. मंग मी त्याले दोरा लावाले सांगतलं. मागचं चाक तिरपं निघालं. त्याच्या नटावर माहा ठिपका होता, न फुटलेला. म्हंजे अशफाक गेला त्या दिवशी चाक तसंच तिरपं होतं, अन ते मीच आठ दिवस आधी चेन आवळताना तसं बसवलं होतं.

ती गाडी मी जुनी घेतली तवा तिचा चिमटा खराब होता. भंगारातून दुसरा आनून टाकला. त्याच्यावरच्या रेघा दोन्हीकडं सारख्या नव्हत्या. मी रेघा जुळवल्या, वर बसून पाह्यलं, गाडी सरळ गेली, फुली मारली. गाडी सरळ जानारच होती. मी उजव्या कुशीवर बसतो. ते डाव्या अंगाले ओढे, मी उजवीकडं वजन टाके. माह्याखाली सरळ चाले, दुसऱ्या कोनाच्याबी खाली नाई.

त्यानं मले तीनदा सांगतलं होतं. पहिल्यांदा मी म्हनलो, डावा हात जड हाय. दुसऱ्यांदा म्हनलो, मिस्त्रीच्या पोटचा असून गाडी चालवता येत नाई तुले. तिसऱ्यांदा गिऱ्हाईक बसले होते, मी त्याईच्याकडं पाहून हासलो, तेबी हासले. त्याच्यानंतर तो बोलला नाई.

त्या पोराले सीटखाली दोरा भेटला. त्यानं पाकिटात घालून पाठवला. जमीलानं पाकीट खोललं अन दोरा ओळखला. गोधडी शिवाचा दोरा हाय तो. अशफाकनं तिच्याकडून मांगून नेला होता, तो गेला त्याच्या दोन दिवस आधी. तिनं विचारलं कायले, तं म्हने, काही नाई अम्मी, एक गोष्ट पाहाची हाय. त्यानं मोजलं होतं, फरहा. त्याले समजलं होतं कुठं चुकलं. दहाचा पाना त्याच्या हातात होता. अन माही फुली लागली होती म्हनून त्यानं नट फिरवला नाई.

तुह्या फोननं तो गेला नाई. मी चाळिसाव्याले जे म्हनलो ते खोटं होतं. तवा मले ते खरं वाटे, पन खरं वाटनं अन खरं असनं एक नाई, हे मले साठाव्या वर्षी समजलं.

जमीला माह्याशी बोलत नाई. घरात दोघंच हावो, तेबी आता एकेकटे. तुले परत ये म्हनाची माही हिंमत नाई.

इस्माईल

*

मालेगाव
१७ फेब्रुवारी २०२५

अब्बा,

अब्बा म्हणायची सवय अजून गेली नाही, म्हणून लिहिते.

तुमचं पत्र मी भावासमोर वाचलं, मग एकटीनं वाचलं. तुम्ही जे आता शोधून काढलं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाडी डावीकडे ओढते हे तो मला रोज सांगायचा. मी त्याला म्हटलं, तुम्हीच नट फिरवून घ्या ना, कोणाला कळणार आहे. तर म्हणाला, अब्बाची फुली लागली आहे, मी हात लावला तर उद्या दुसराही लावेल. मालेगावहून परत आलो की अब्बाला दोरा दाखवतो, म्हणाला, मग तेच फिरवतील. तुमची इज्जत जाऊ नये म्हणून तो तशाच गाडीवर बसला.

आणि फोन. त्यानंच मला सांगितलं होतं की मी सातपर्यंत पोचतो, गाडीचा भरवसा नाही, सातला नाही दिसलो तर फोन कर. म्हणून मी सातला केला. सात पाचला केला. सात दहाला केला. तिन्ही मिस कॉल होते अब्बा, एकही उचललेला नव्हता. पंचनाम्यात पडल्याची वेळ साडेसहा लिहिली आहे. मी हे चाळिसाव्याच्या दिवशी सांगायला तोंड उघडलं होतं. तुम्ही हात वर केला आणि सगळे गप्प बसले. तुमच्या गॅरेजचा कायदा घरातही होता. तुम्ही एकदा ठरवलं की मग कोणी खोलून बघायचं नाही.

वर्षभर मी या घरात खाली मान घालून राहिले. माझी आई अनिसाबी बाजारात जाते तर बायका तिला विचारतात, तुमच्या मुलीचा नवरा तिच्या फोननं गेला ना? माझा भाऊ तौकीर माझ्यासमोर फोन उचलत नाही, बाहेर जाऊन बोलतो. मी स्वतः कित्येकदा विचार केला की सातच्या आधी तर लावला नव्हता ना. मला माझीच खात्री राहिली नव्हती.

तुम्ही मला पत्र लिहिलं. पत्र बंद पाकिटात येतं. तुम्ही मला बोललात ते मात्र सगळ्यांसमोर. आता हेही तेवढ्याच माणसांसमोर सांगा. रमजानच्या आधीचा जुम्मा अठ्ठावीस तारखेला आहे. नमाजनंतर सगळे तुमच्या गॅरेजवरून जातात. मी भावासोबत येईन, ऐकेन आणि परत जाईन. घरात येणार नाही. अम्मीला माझा सलाम सांगा.

फरहा

*

मंगरूळपीर
३ मार्च २०२५

राजपाल बेटा,

संगीताचा खांदा कसा हाय ते आधी लिवजो. दिवस भरत आले असतीन. लेकरू झालं का तुह्या बापाच्या हातून दोन ओळी टाकजो. त्याले सांगजो, त्यानं पहिल्याच दिवशी जे पाह्यलं ते मले चाळीस वर्षांत दिसलं नाई.

दोरा पोचला होता. तो कोनाचा होता ते तुले सांगाले पाहिजे, कारन तूच विचारलं होतं. अशफाकचा. त्यानं मोजलं अन माह्या फुलीले हात लावला नाई. तुह्या हातून नट फिरला तवा मले समजलं का तो काय सांगत होता.

गेल्या जुम्म्याले मी गॅरेजसमोर टेबलावर चढलो. पाय आखूड, मानसाईनं धरलं. सत्तर-ऐंशी लोक असतीन. मी सगळं सांगतलं. चिमटा, रेघा, माही कूस, तीनदा सांगतलेलं, फोन साडेसहाच्या नंतरचा. कोनीतरी म्हने, जाऊ द्या मिस्त्री, अल्लाची मर्जी होती. मी म्हनलो, अर्धा आटा माह्या मर्जीचा होता, तो त्याच्यावर नोका टाकू.

फरहा रोडच्या पलीकडं पानठेल्यापाशी उभी होती, भावाच्या मागं. लोक पांगले तवा ते रोड ओलांडून आली. मले वाटलं काही बोलन. तिनं हात पुढं केला अन म्हनली, दोरा द्या. मी देल्ला. तिनं गाठी हातानं चाचपल्या, पर्समंधी ठेवला अन मालेगावच्या बसमंधी बसून गेली. जमीला दारातून पाहत होती. बस गेल्यावर ते पुन्हा आत गेली.

खडू मी आता गॅरेजात ठेवत नाई. गाडी झाली का दोरा लावतो, मंग मालकाले चालवाले लावतो अन विचारतो कुकडे ओढते. मी वर बसतच नाई.

अन अजून एक केलं. गेल्या वर्ष-दोन वर्षांत ज्या गाड्याईवर फुली मारली, त्यातले जेवढे मालक आठवले तेवढ्याईले निरोप धाडला, गाडी घेऊन या म्हनलो. आजपर्यंत अकरा आल्या. अकराईले दोरा लावला. चार डाव्या अंगाले निघाल्या. मी त्या चौघाईले विचारलं, अरे, दोन दोन वर्षं अशी गाडी चालवली, मले येऊन सांगतलं काहून नाई?

चौघंबी तेच म्हनले. मिस्त्री, आमाले वाटलं आमचाच डावा हात जड हाय.

इस्माईल